बागेचा फोटो काढू द्या

आपल्याकडच्या अनेक शहरांत महापालिकेच्या बागेच्या फाटकाशी नियमांची पाटी असते. फुलं तोडू नयेत, हिरवळीवर झोपू नये, पाळीव प्राणी आणू नयेत, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. याच यादीत खाली कुठेतरी लिहिलेलं असतं : 'विनापरवाना छायाचित्रण व चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे.' परवाना कोण देतं, कशासाठी लागतो, किती दिवसांत मिळतो, यांपैकी काहीही पाटीवर नसतं. आत गेलं की लाल बदामासह मोठाली अक्षरं उभी दिसतात : 'आय लव्ह', आणि पुढे शहराचं किंवा प्रभागाचं नाव. तिथे फोटो काढायला कुणाचीच हरकत नसते, कारण ती जागा त्यासाठीच केलेली असते आणि तिचं नावही 'सेल्फी पॉइंट'. बागेत उभं राहून स्वतःचा फोटो काढलेला चालतो. बागेचा फोटो काढू लागलं की शिट्टी वाजते.

ही मनाई उठली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि ती उठवून महापालिकांनी हात झटकू नयेत. बागा, मैदानं, नदीकाठ, चौक, जे जे सार्वजनिक आहे त्याचे ठरलेल्या ठिकाणांहून, ठरलेल्या काळाने फोटो काढून ते लोकांसाठी खुले ठेवणं हे त्यांचं नेहमीचं काम असलं पाहिजे. मोकळी जागा कागदावरून जाण्याच्या कितीतरी आधी वापरातून जाते. कागद ते टिपत नाही, फोटो टिपतो.

मी कामासाठी आणि हौसेने बरीच वर्षं फिरतो आहे. नव्या गावी पोचलो की आधी तिथली बाग गाठायची आणि कॅमेरा काढायचा, ही सवय केव्हा लागली ते आता सांगता येणार नाही. किल्ले, देवळं, राजवाडे यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं काम उत्तम आहे. बागेतला बाक, फाटकाची उंची, पाणपोई, झाडाखालची सावली, दुपारी तीन वाजता तिथे कोण बसलं आहे, याकडे मात्र कॅमेरा सहसा वळत नाही. शहर आपल्या माणसांना कसं वागवतं, हे मला या गोष्टींत जास्त स्पष्ट दिसतं.

बाकाचंच घ्या. आपल्याकडच्या बाकाच्या पाठीवर बहुधा नाव असतं. कुणाच्या तरी स्मरणार्थ, नाहीतर 'माननीय नगरसेवक यांच्या निधीतून'. हे नाव ठळक अक्षरांत, उन्हापावसात टिकेल अशा रंगात रंगवलेलं असतं. बाक कुठे ठेवावा, याचा विचार मात्र क्वचित झालेला दिसतो. माझ्याकडच्या फोटोंत भर उन्हात ठेवलेले, भिंतीकडे तोंड केलेले आणि एकमेकांपासून इतके दूर असलेले बाक आहेत, की दोन म्हाताऱ्या माणसांना बोलायचं तर एकाने उभं राहावं लागेल. अलीकडे बाकाच्या मधोमध लोखंडी दांडी बसवायची पद्धत आली आहे. कुणी आडवं होऊ नये म्हणून ती असते. रात्रपाळी करून आलेला वॉचमन, दुपारच्या दोन घरांमधल्या वेळेत टेकायला आलेली मोलकरीण, दवाखान्यात नातेवाईक असलेला परगावचा माणूस, यांच्यासाठी बागेचा बाक हीच विसाव्याची जागा असते. ती दांडी त्यांच्यासाठी बसवलेली आहे. तिचा ठराव कुठल्या सभेत झाला, ते शोधून सापडायचं नाही. पण एकाच बाकाचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की ती केव्हा आली ते कळतं.

अशा बघण्यातून धोरण बदलल्याचं उदाहरणही आहे. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली नियम केला की इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी मोकळा चौक ठेवला तर बिल्डरला वाढीव बांधकाम करता येईल. चटईक्षेत्राच्या बदल्यात मोकळी जागा, हा सौदा आपल्याही ओळखीचा आहे. तिथे चौक झाले आणि त्यांतले बरेचसे ओसाड राहिले. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने सत्तरच्या दशकात या चौकांवर कॅमेरे रोखले. ठरावीक अंतराने चित्रं घेत, कोण कुठे बसतं, किती वेळ थांबतं, कुठून निघून जातं, हे त्याने दिवसच्या दिवस टिपलं. त्याचा निष्कर्ष ऐकायला अगदी साधा आहे : बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात. वास्तुविशारदांच्या आराखड्यांत नेमकी तीच जागा नव्हती. कठड्यांवर टोकदार सळ्या होत्या, ओटे बसता येऊ नये इतके उंच होते. १९७५मध्ये शहराने नियम बदलले आणि अशा चौकांत किती बैठक असावी, हेही त्यांत आलं.

त्याच शहरातल्या ब्रायंट पार्कची गोष्ट आणखी बोलकी आहे. सत्तरच्या दशकात हे उद्यान अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होतं. आपल्याकडे अशा वेळी पहिली सूचना येते ती भिंत उंच करण्याची. व्हाइटने उलट सुचवलं : कुंपण आणि झुडपांच्या दाट रांगा काढा, रस्त्यावरून आत दिसू द्या, वाटा वाढवा. १९९२मध्ये उद्यान नव्याने उघडलं तेव्हा हिरवळीभोवती सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या, साखळीने न बांधलेल्या. माणूस येतो, खुर्ची उचलतो, सावलीकडे वळवतो, मैत्रिणीच्या खुर्चीजवळ ओढतो आणि बसतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या हिरव्या धातूच्या खुर्च्याही अशाच सुट्या. माझ्या संग्रहातले मला सर्वांत आवडणारे फोटो सकाळी लवकर घेतलेले आहेत, बागेत अजून कुणी नसताना. आदल्या संध्याकाळच्या माणसांनी सोडलेल्या तशाच खुर्च्या त्यांत आहेत : दोन समोरासमोर, एक एकटी झाडाकडे तोंड करून, पाच-सहांचं कोंडाळं. माणसं नसलेल्या त्या चित्रांत आदली संध्याकाळ पूर्ण वाचता येते. आपल्याकडे खुर्च्या चोरीला जातील, हे उत्तर मला तोंडपाठ आहे. एखाद्या बागेत महिनाभर ठेवून, किती गेल्या ते मोजून मग ते द्यावं.

पॅरिसच्याच युजेन आत्जे या छायाचित्रकाराने जुन्या शहराच्या गल्ल्या, दुकानं, जिने आणि बागा यांचे हजारो फोटो काढले. १९२५ साली, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, तो पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या सो इथल्या उद्यानात पुन्हापुन्हा गेला. ती जुनी सरदारी बाग तेव्हा दुर्लक्षित होती, रान माजलेलं होतं, पुतळे शेवाळले होते, आणि सरकारने ती नुकतीच लोकांसाठी ताब्यात घेतली होती. आत्जे पहाटे जाई आणि फोटोवर महिना लिही, वेळही लिही. पुढे बाग दुरुस्त झाली, आखीवरेखीव झाली. दुरुस्तीआधी ती कशी होती हे आज कळतं, ते त्या माणसाच्या चिकाटीमुळे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच्या हयातीतच पॅरिसची ग्रंथालयं आणि संग्रहालयं त्याचे फोटो पैसे देऊन विकत घेत होती. शहराला आपल्या बागांच्या नोंदी हव्या होत्या. आपल्या कुठल्या महापालिकेने कधी कुणा छायाचित्रकाराला 'तुमच्याकडचे आमच्या बागांचे फोटो द्या' असं विचारलं असेल?

मोकळ्या जागेची खरी गळती कशी होते, ते आमच्या भागातल्या एका लहान बागेवरून सांगतो. बागेच्या नैऋत्य कोपऱ्यात एक मोठं विलायती शिरीषाचं झाड होतं. त्या कोपऱ्याचे फोटो मी एकाच जागेवरून, फाटकाच्या डाव्या खांबाला पाठ लावून, वर्षानुवर्षं काढत आलो. सुरुवातीच्या फोटोंत झाडाच्या बुंध्याभोवती नुसती माती आहे, पोरांनी गोट्यांसाठी केलेली गल आहे आणि मुळांवर बसलेली माणसं आहेत. पुढे मुळांभोवती सिमेंटचा पार आला. त्यावर बसायची सोय झाली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. मग पाराभोवती पेव्हर ब्लॉक बसले आणि पावसाचं पाणी मुरायची जागा गेली. त्यानंतरच्या फोटोत भिंतीलगत वॉचमनची खोली आहे. पुढच्यात खोलीला लागून पंपाची शेड, आणि शेडीपुढे ठेकेदाराने रचून ठेवलेले उरलेले ब्लॉक. मग शेडीवर एका वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी लोखंडी चौकट आली. वाढदिवस संपला तरी चौकट राहिली. एका पावसाळी वादळात ते झाड पडलं. मुळं उघडी झाली तेव्हा ती आखूड आणि पाराच्या आत गोळा झालेली दिसली. आता तिथे तीन व्यायामाची यंत्रं आहेत, आणि भर दुपारी त्यांच्या लोखंडाला हात लावता येत नाही.

यांतली कुठलीही एक गोष्ट घेतली तर तिला विरोध करावासा वाटणार नाही. वॉचमनला खोली हवीच, पंपाला शेड हवी, म्हाताऱ्यांना पार हवा. पण सगळे फोटो ओळीने लावले की त्या कोपऱ्यात आता मातीचा एक चौरस फूटही उरलेला नाही, हे दिसतं. नागरिकांच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी नकाशा काढला आणि बागेचं क्षेत्रफळ जराही कमी झालेलं नाही असं सांगितलं. ते खरंच होतं. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र तेवढंच, विकास आराखड्यात रंग हिरवाच, आरक्षण तेच. फोटो टेबलावर मांडले तेव्हा मात्र बोलण्याची दिशा बदलली. 'क्षेत्र तेवढंच आहे' यावरून गाडी 'ही चौकट कुणाच्या परवानगीने लागली?' या प्रश्नावर आली. त्यानंतर चौकट गेली आणि ब्लॉकांचा ढीगही उचलला गेला. खोली आणि शेड आहेत तिथेच आहेत.

शास्त्रज्ञांना ही रीत चांगली परिचयाची आहे. आल्प्समधल्या हिमनद्या मागे सरकत आहेत का, हे बघायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकाच बिंदूवरून पुन्हापुन्हा फोटो काढले गेले, आणि आजही काढले जातात. हिमनदीसाठी जे लागतं तेच मैदानालाही लागतं : ठरलेली जागा, ठरलेली दिशा, तारीख आणि सातत्य. उत्तम कॅमेरा किंवा कलाकाराची नजर ही त्याची अट नाही.

मुंबईत फिरताना हे फार जाणवतं. किल्ल्याची तटबंदी १८६०च्या दशकात पाडली गेली आणि तिच्या बाहेरच्या 'एस्प्लनेड' नावाच्या मोकळ्या मैदानाचे पुढे तुकडे होत गेले. आज आपण कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान अशी वेगवेगळी नावं घेतो, त्या सगळ्या जागा मुळात एकाच मोकळ्या पट्ट्याच्या. एकोणिसाव्या शतकातले फोटो बघितले नाहीत तर हे पटतसुद्धा नाही, कारण मधल्या रस्त्यांनी आणि इमारतींनी डोळ्यांना वेगळीच सवय लावली आहे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतल्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ओव्हलच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. वारसा म्हणून नावं इमारतींची घेतली जातात, पण त्या एकमेकींसमोर दिसतात ते मधलं मैदान मोकळं राहिलं म्हणून. ओव्हलवर सकाळी एका बाजूला क्रिकेटचे डझनभर सामने एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधल्या पायवाटेवरून चर्चगेटहून उतरलेली माणसं कामावर जात असतात. या दृश्याचे दर वर्षीचे फोटो हे त्या वारशाच्या नोंदवहीतलं पहिलं पान असायला हवं.

शिवाजी पार्कचं तसंच. १९२५मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं माहीम पार्क १९२७ साली शिवाजी पार्क झालं. सभा, दसरा मेळावे, क्रिकेट, सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारा जनसागर, हे सगळं त्या एका मैदानाने पोटात घेतलं. तिथल्या कट्ट्याएवढी चांगली सार्वजनिक बैठक मी जगात फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. कमरेपेक्षा खाली, दोन्हीकडे पाय सोडता येतील इतका रुंद, सबंध मैदानाला वेढणारा आणि बसायला एक पैसा न लागणारा. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करायला लावला, तेव्हा मैदान कुणाचं आणि कशासाठी, यावर मोठा वाद झाला. अलीकडे प्रश्न मातीचा आहे. मैदानावर टाकलेल्या लाल मातीची धूळ आसपासच्या घरांत जाते, म्हणून रहिवासी तक्रार करत आहेत. मैदानाचं क्षेत्रफळ सांगून या तक्रारीचा निकाल लागणार नाही. जानेवारीत गवत किती होतं, मे महिन्यात किती उरलं आणि माती टाकण्याआधी काय होतं, हे दाखवणारे फोटो असले तरच दोन्ही बाजूंना एका जमिनीवर उभं राहून बोलता येईल.

शिवाय गेल्या काही वर्षांत एक विचित्र स्थिती आपण पाहिली. २०२२पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांत लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. प्रशासक कारभार बघत होते. त्या काळात बागांत काय बांधलं गेलं, काय पाडलं, कुठल्या मैदानाच्या कडेला कसली शेड आली, यावर सभागृहात प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. त्या वर्षांची जी काही नोंद आहे, ती पुष्कळशी सामान्य माणसांच्या मोबाइलमध्ये आहे.

मग मनाई कशासाठी? विचारलं की बहुतेक ठिकाणी 'सुरक्षेसाठी' असं उत्तर येतं. हे उत्तर जगभर दिलं गेलं आहे, आणि जिथे लोकांनी त्याचा पाठपुरावा केला तिथे ते टिकलेलं नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या ४४व्या कलमाने पोलिसांना संशयाचं कारण न देता कुणालाही थांबवून झडती घेता येत होती. रस्त्यात फोटो काढणारे पुष्कळ जण या कलमाखाली अडवले गेले. जानेवारी २०१०मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे अधिकार अतिव्यापक ठरवले. त्याच महिन्यात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात छायाचित्रकार कॅमेरे घेऊन जमले. पुढे ते कलम गेलं. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली महापौरांच्या कार्यालयाने नियम सुचवला, की दोन किंवा अधिक माणसं एका ठिकाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कॅमेरा वापरत असतील तर परवाना घ्यावा लागेल आणि दहा लाख डॉलरचा विमाही उतरवावा लागेल. लोकांनी विरोध केला, मसुदा मागे घेतला गेला आणि नवे नियम आले. हातातल्या कॅमेऱ्याला किंवा साध्या ट्रायपॉडला परवाना नको. गाड्या आणि मोठी सामग्री आणून रस्ता अडवणार असाल तर हवा. किती सरळ भेद आहे हा!

आपल्याकडेही वारं त्याच दिशेने वाहिलं आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ साली केंद्र-संरक्षित स्मारकांच्या आवारात फोटो काढायला मोकळीक दिली. अजिंठ्याची लेणी, ताजमहालातला कबरीचा भाग आणि लेहचा राजवाडा एवढे अपवाद ठेवले. प्रताधिकार कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढून तो प्रसिद्ध केला तर हक्कभंग होत नाही. आणि २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की शासकीय गुपिते कायद्यातल्या 'निषिद्ध स्थळा'च्या व्याख्येत पोलिस ठाणं बसत नाही, त्यामुळे तिथे चित्रण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. पोलिस ठाण्यात जे गुपित नाही, ते बागेतल्या कारंज्यापाशी गुपित कसं असेल?

उलट दिशेचं उदाहरण दिल्लीचं. मे २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सेंट्रल व्हिस्टाच्या, म्हणजे राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या पट्ट्याच्या नव्या बांधणीच्या, कामावर फोटो आणि चित्रीकरणाला मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या. इंडिया गेटजवळची ती हिरवळ म्हणजे दिल्लीकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची संध्याकाळची जागा. उन्हाळ्यात रात्री तिथे चटया पसरून जेवणारी कुटुंबं, आइस्क्रीमच्या गाड्या, जांभळाची झाडं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या काळात तिथे काय चाललं आहे हे जाणून घ्यायचा पूर्ण अधिकार होता. काम चांगलं की वाईट, हा वेगळा वाद आहे. लोकांच्या जागेत लोकांच्या पैशाने होणारं काम लोकांनी टिपू नये, या सांगण्याचं समर्थन कुठल्याच बाजूने करता येत नाही.

मनाईच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो बायकांचा आहे. बागेत सकाळी चालायला येणारी बाई, मुलांना खेळवणारी आई, घरात बोलता येत नाही म्हणून बाकावर बसलेलं जोडपं, यांना कॅमेऱ्याची भीती वाटते आणि ती बिनबुडाची नाही. डिसेंबर २००५मध्ये मेरठच्या एका सार्वजनिक बागेत पोलिसांनी 'ऑपरेशन मजनू' या नावाखाली जोडप्यांना मारहाण केली, तीही टीव्हीचे कॅमेरे सोबत घेऊन. त्या मुलींचे चेहरे देशभर दाखवले गेले. मारहाणीइतकाच तो कॅमेराही शिक्षेचं हत्यार होता. आज प्रत्येकाच्या खिशात तसं हत्यार आहे. तरुण मुलींनी बाग सोडून द्यावी असं वातावरण कॅमेऱ्यामुळे होत असेल, तर माझा सगळा युक्तिवाद फुकट आहे.

म्हणून नियम हवा, आणि तो माणसाला धरून हवा. कुणा व्यक्तीवर रोखून, तिला नको असताना, तिचा माग काढत फोटो घेणं हा त्रास आहे. त्यावर वॉचमनने थांबवावं, तक्रार झाली तर पोलिसांनी कारवाई करावी. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय जवळून फोटो नकोच. मी स्वतः जोडप्यांच्या बाकाकडे कॅमेरा वळवत नाही. माणसं ओळखू येतील इतक्या जवळ असतील तर विचारतो, आणि नाही म्हणाली तर पुढे जातो. पण झाड, बाक, वाट, भिंत, फाटक, पाटी, कोनशिला, मैदानाचा पोत यांना लाज नसते आणि त्यांचं खाजगी आयुष्यही नसतं. व्यक्तीच्या रक्षणासाठी केलेला नियम जागेवर लावला की त्यातून व्यक्तीला काहीच मिळत नाही आणि जागेवरचा गैरकारभार तेवढा झाकला जातो. त्यातही, त्याच बागेत खांबाखांबावर सीसीटीव्ही असतात. त्यांत टिपली जाणारी बाई कुणाच्या पडद्यावर दिसते, ते चित्रण किती दिवस राहतं, कोण बघतं, याची माहिती फाटकावर लावा अशी मागणी बायकांच्या सुरक्षिततेची काळजी असणाऱ्यांनी खरं तर आधी करायला हवी.

लग्नाआधीचे शूटिंग, रील्स, जाहिराती, ड्रोन यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. झगमगीत कपडे, परावर्तक पडदे, चार माणसांचा ताफा आणि दोन तास अडवलेली वाट, असं असेल तर शुल्क घ्या, वेळ ठरवून द्या. ड्रोनला वेगळे नियम आहेतच. व्यवसायाला लावायची चाळणी हौशी माणसाला लावू नका, एवढंच.

नोंद ठेवायची तर काय टिपावं? मला विचाराल तर पहिली गोष्ट वेळ. आपल्याकडच्या कित्येक बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार-साडेचारला पुन्हा उघडतात. ज्यांना दुपारी सावलीची सर्वांत जास्त गरज असते, त्यांना त्या वेळी कुलूप दिसतं. सिंगापूरची बोटॅनिक गार्डन १८५९ सालापासूनची, २०१५मध्ये जागतिक वारसा झालेली. ती पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असते आणि मुख्य बागेला तिकीट नाही. तिथल्या दुपारच्या फोटोंत घरकाम करणाऱ्या परदेशी बायका रविवारी चटया अंथरून डबे उघडताना दिसतात. आपल्या बागेच्या दुपारच्या फोटोत, फाटकाबाहेर भिंतीच्या तीन फुटी सावलीत, चपला उशाशी घेऊन बसलेली माणसं दिसतात. हे दोन फोटो शेजारी ठेवले की बागेच्या वेळापत्रकावर चर्चा सुरू करायला आणखी काही लागत नाही. दुसरी गोष्ट जमीन : माती किती, फरशी किती. तिसरी झाडांचे बुंधे. मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे १८६२ सालच्या त्या उद्यानात, प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराचा मोठा आराखडा आला, तेव्हा ही मुळात वनस्पतींची बाग आहे हे ठासून सांगणारे नागरिक तिथली झाडं एकेक करून ओळखत होते. झाड ओळखणारा माणूस बाजूला असणं, ही कुठल्याही बागेची मोठी ताकद आहे.

हे सगळं करायला पैसे कुठून आणणार, हा प्रश्न येईल. पैसे लागतच नाहीत, कारण निम्मं काम आधीच झालेलं आहे. बागेतल्या कामाचं बिल सादर करताना काम सुरू होण्याआधीचे, चालू असतानाचे आणि संपल्यावरचे फोटो जोडायची पद्धत बऱ्याच महापालिकांत आहे. त्यांवर तारीख असते, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असतात. एका बाजूला नागरिकाला कॅमेरा बंद करायला लावला जातो, आणि दुसऱ्या बाजूला त्याच बागेचे फोटो लेखा विभागाच्या फायलींत वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले असतात. आज ते बघायचे तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवस थांबा, पानामागे पैसे भरा आणि शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काळे डाग बघा. ते मूळ फोटो बागेच्या नावाने आणि तारखेनिशी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावेत, आणि त्याच पानावर नागरिकांना आपल्याकडचे जुने-नवे फोटो जोडता यावेत. यासाठी नवं खातं नको, नवी नेमणूक नको. उद्यान विभाग आणि लेखा विभाग यांना मिळून आयुक्तांनी काढलेलं एक परिपत्रक पुरेल.